लिलावात ‘जिंकलेला’ दागिना केवढ्याला पडतो?

(या भागाचं लिखित रूप. मधले ‘अं’, ‘म्हणजे म्हणजे’ काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी शेवटची सहा कलमं तरी वाचा.)

[००:००] ताईचे कान

रेडीहून बोलतोय. मागे पावसाचा आवाज आला तर समजून घ्या, आमच्याकडे जुलैमध्ये शांत खोली मिळत नाही.

आजचा विषय माझ्या स्वतःच्या फजितीतून आलाय. मे महिन्यात ताईचा साखरपुडा होता. तिला नऊवारीवर घालायला तन्मणी, चिंचपेटी आणि कुड्या असा सेट हवा होता. खोटाच, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘बेन्टेक्स’ म्हणतात तो. मी म्हटलं, ताई, तू टेन्शन घेऊ नको, तुझा भाऊ इंजिनिअर आहे, ऑनलाइन बघतो.

रात्री नऊ वाजता एक लाइव्ह लागलं होतं. एक बाई एकेक दागिना कॅमेऱ्यासमोर धरत होत्या आणि लोक कमेंटमध्ये आकडे टाकत होते. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, दागिना त्याचा. आम्हाला हवा तसाच सेट आला. सुरुवात ३०० रुपयांपासून. मी ४०० टाकले. कोणीतरी ५००. मी ६००. पुढच्या सहा मिनिटांत काय झालं ते मला नीट आठवतही नाही, पण शेवटी स्क्रीनवर माझं नाव आलं, हार्टचा पाऊस पडला आणि त्या म्हणाल्या, ‘अभिनंदन दादा, तुम्ही जिंकलात!’

२,३५० रुपये. वर कुरिअरचे १२०. एकूण २,४७०. पैसे आधी यूपीआयने.

सेट आला. फोटोत होता तसाच दिसत होता, खोटं कशाला बोलू. साखरपुड्याच्या दिवशी ताई आजीच्या पाया पडायला वाकली आणि तन्मणीची मागची कडी सुटून हार थेट पाटावर. संध्याकाळपर्यंत कानाच्या पाळ्या लाल होऊन सुजल्या. रात्री बर्फ लावत ती मला म्हणाली, ‘माझे कान लिलावाक काढलंस काय रे?’

दोन आठवड्यांनी सावंतवाडीच्या बाजारात जवळपास तसाच सेट ६५० रुपयांना टांगलेला दिसला. ताई सोबत होती. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. कोणाची चूक हे नाही, तर नक्की कुठे आणि का तुटलं हे. तर आजचा भाग म्हणजे त्या २,४७० रुपयांचं पोस्टमॉर्टेम.

[०३:४०] लिलाव आपल्याला नवा नाही

आधी एक गोष्ट. लिलाव म्हणजे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मासळी उतरली की लिलाव होतो. आपल्या या सीमेवरच्या भागात आणि गोव्यात देवळांत पावणी होते. देवाला आलेला केळीचा घड, नारळ, फणस यांच्यावर बोली लागते. भिशीमध्येसुद्धा लिलावाची भिशी असतेच.

पण या दोन ठिकाणी काय असतं बघा. मासळीच्या लिलावात माल समोर असतो. कल्ले उचलून बघता येतात. समोर बोली लावणारा कोण हे माहीत असतं, तो कोणत्या हॉटेलसाठी घेतोय हेही माहीत असतं. आणि दुपारी बाजारात काय भाव मिळेल याचा प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा असतो. त्यावर तो जात नाही, कारण त्याला ते विकून घर चालवायचंय.

पावणीत उलटं. तिथे शंभराचा घड दोन हजारांना गेला तरी कोणी ‘फसला’ म्हणत नाही. जास्तीचे पैसे देवाला गेले, नाव झालं, सगळ्यांनी बघितलं.

माझी गडबड काय झाली? मी खरेदीला गेलो होतो मासळीवाल्यासारखा आणि बोली लावली पावणीतल्यासारखी. फक्त जास्तीचे पैसे देवाला गेले नाहीत.

[०५:३०] वेबसाइटवरचा लिलाव कसा चालतो

आता जरा यंत्र उघडून बघू. ऑनलाइन लिलाव ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला, ईबेसारख्या साइटवरचा.

ईबे १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिड्यारने सुरू केलं. आपल्याकडे २००० साली ‘बाझी डॉट कॉम’ आलं. तुमच्यापैकी कोणाच्या मोठ्या भावाने त्यावर मोबाइल घेतला असेल. २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतलं, मग ते ईबे इंडिया झालं, २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडलं. आज जुने ब्रोच, मण्यांच्या माळा, काचेचे खडे यांच्यासाठी बोली लावायची तर बहुतेक लोक ईबेच्या परदेशी साइटवरच जातात. तिकडे ‘कॉस्च्युम ज्वेलरी’ हा गोळा करण्याचा विषय आहे. ट्रिफारी, कोरो, मिरियम हॅस्केल अशी नावं लोक शोधत असतात.

या साइटवर एक भारी गोष्ट आहे. तुम्ही तुमची कमाल किंमत एकदाच टाकायची. तुमच्या वतीने बोली सिस्टीम लावते, आणि तेही लागेल तेवढीच. समजा एका ब्रोचसाठी तुमची कमाल ४० डॉलर आहे आणि समोरच्याची ३१. तर तुम्हाला तो ४० ला पडत नाही. २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात बोलीची पायरी १ डॉलरची असते, म्हणून किंमत ३२ वर थांबते. म्हणजे जिंकणारा साधारण दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरतो.

विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच दाखवलं होतं की, जिथे बंद पाकिटात बोली लावायची आणि जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत भरायची असा नियम असतो, तिथे सरळ आपला खरा आकडा टाकणं हीच शहाणपणाची चाल. कमी टाकून फायदा नाही, जास्त टाकून तर नाहीच. त्याला १९९६ मध्ये नोबेल मिळालं.

मग लोक शेवटच्या दहा सेकंदात का तुटून पडतात? कारण ईबेवर वेळ संपली की संपली. शेवटच्या क्षणी बोली टाकली तर समोरच्याला पुन्हा विचार करून आकडा वाढवायला वेळच मिळत नाही. आल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये याच्यावर अभ्यास छापला होता. त्या काळी अमेझॉनवरही लिलाव व्हायचे, पण तिथे शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ दहा मिनिटांनी वाढायची. तिथे शेवटच्या मिनिटाची झुंबड बरीच कमी होती. माणसं तशीच, फक्त नियम वेगळा. हे मला फार आवडतं. सिस्टीमचा एक नियम बदलला की माणसाचं वागणं बदलतं.

[०८:५०] लाइव्हमधला लिलाव वेगळा का

दुसरा प्रकार म्हणजे मी जिथे अडकलो तो, कमेंटमधला. यात वरचं काहीच नाही. तुमचा कमाल आकडा गुपचूप सांभाळणारी सिस्टीम नाही. वेळ कधी संपणार ते विकणाऱ्याच्या हातात. ‘शेवटचे पाच सेकंद’ म्हणायचं आणि दोन मिनिटं चालवायचं.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी त्या रात्री इंजिनिअर असूनही माझ्या लक्षात आली नाही. लाइव्ह व्हिडिओ हा खरं तर लाइव्ह नसतो. त्यांच्या फोनवरून सर्व्हरवर, तिथून तुकडे होऊन आपल्याकडे, यात काही सेकंद जातात. आमच्या रेडीत पावसापाण्याचं नेटवर्क धरलं तर आणखी. म्हणजे मला स्क्रीनवर जो आकडा दिसतोय तो शिळा आहे. त्या ‘१,५०० झाले’ म्हणताना मला ऐकू येतात, तेव्हा तिकडे १,८०० चालू असतात. मी १,६०० टाकतो, वाया जातात. दोनदा असं झालं की माणूस काय करतो? मोठी उडी मारतो. मी थेट १,७०० वरून २,१०० वर गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. मागे पडतोय या भीतीने गेलो.

तिसरी गोष्ट कळायला मला आठवडा लागला. त्याच पेजचे जुने लाइव्ह बसून बघितले. दोन नावं अशी होती जी जवळपास प्रत्येक दागिन्यावर बोली चढवायची आणि कधीच जिंकायची नाहीत. आता हा पुरावा नाही. असतील बिचारे हौशी. पण किंमत फुगवण्यासाठी आपलीच माणसं बसवणं हा लिलावातला जुना प्रकार आहे, ईबेवरसुद्धा त्याला मनाई आहे. मोठ्या साइटवर निदान बोलींची नोंद राहते. इथे लाइव्ह डिलीट केलं की सगळं गेलं. मी ज्या रात्री अडकलो ते लाइव्ह आता नाहीच आहे.

[११:२०] जिंकणाऱ्याचा शाप

समजा पेज अगदी प्रामाणिक आहे. तरीही जिंकणारा तोट्यात जाण्याची शक्यता जास्त असते. कसं?

त्या सेटची खरी किंमत कोणालाच नक्की माहीत नाही. वीस जण अंदाज लावतायत. कोणी ४००, कोणी ७००, कोणी १,५००. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी कदाचित बरोबर येईल. पण दागिना सरासरीला मिळत नाही, तो मिळतो सगळ्यात जास्त अंदाज करणाऱ्याला. म्हणजे ज्याचा अंदाज सगळ्यात चुकलाय त्याला.

याला ‘जिंकणाऱ्याचा शाप’ म्हणतात. १९७१ मध्ये तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांचे लिलाव जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेएवढा फायदा का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. कोट्यवधी डॉलर, भूगर्भशास्त्रज्ञांची फौज, तरी हेच. मग आपण रात्री नऊ वाजता उशीला टेकून काय वेगळं करणार?

म्हणून ‘जिंकलात’ हा शब्द मला आता खटकतो. दुकानात शर्ट घेतला की दुकानदार ‘जिंकलात’ म्हणत नाही. आपण जिंकत नाही, विकत घेतो. तो शब्द काढून टाकला तरी निम्मी नशा उतरते.

[१३:१०] आता दागिन्याकडे वळू

किंमत ठरवायची तर वस्तू कशाची आहे ते कळायला हवं. खोट्या दागिन्याचा सांगाडा बहुतेक पितळ, तांबं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, वर मुलामा. ‘वन ग्रॅम गोल्ड’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. एक ग्रॅम सोनं आज कित्येक हजारांना येतं. मग आठशे रुपयांच्या हारात ते कसं असेल? नसतंच. ते मुलाम्याच्या प्रकाराचं बाजारातलं नाव झालंय.

जरा हिशेब करू. समजा हाराचा सगळा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर अर्धा मायक्रॉन सोनं चढवलंय. सोन्याची घनता १९.३. गुणाकार केला की येतं साधारण ४८ मिलिग्रॅम. मुलामा ०.१ मायक्रॉनचा असेल तर १० मिलिग्रॅमच्या आत. म्हणून ‘मुलामा किती मायक्रॉनचा?’ हा प्रश्न विचारा. उत्तर खरं मिळेलच असं नाही, पण ज्याला प्रश्नच कळत नाही तो ‘पाच वर्षांची गॅरंटी’ कशावर देतोय, ते समजतं.

आणि कोणी ‘खरं सोनं आहे’ म्हणाला तर वेगळा नियम. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. नंबर नाही, तर खोटाच समजून बोली लावा.

आता ताईचे कान. मुलामा झिजला की आतला धातू कातडीला लागतो, आणि त्यात निकेल असेल तर काही जणांना खाज, सूज, पाणी सुटणं असं सुरू होतं. घामाने आणखी वाढतं, आणि मे महिन्यात कोकणात घाम म्हणजे विचारू नका. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा आयुष्यभर राहते. म्हणून युरोपात दागिन्यातून किती निकेल सुटावं याला कायद्याने मर्यादा आहे, आणि कान टोचलेल्या भोकात जाणाऱ्या काडीसाठी ती आणखी कडक आहे. हा थट्टेचा विषय नव्हता, हे मला नंतर कळलं. ताईला आता कानात खोटं काहीच चालत नाही.

[१६:००] दशावतारातला दोस्त

यातलं खरं ज्ञान मला दिलं एका मित्राने. तो दशावतारात स्त्रीपार्ट करतो. पावसात मंडळं बंद असतात, म्हणून घरी होता. त्याच्या पेटीत खोटे दागिने इतके आहेत की एखादं दुकान लागेल. ठुशी, बोरमाळ, वाकी, कंबरपट्टा, सगळं. त्याला तो सेट दाखवला. त्याने आधी हार बघितलाच नाही. उलटा केला आणि मागची कडी ओढून बघितली.

म्हणाला, ‘पॉलिश गेला तरी चलता रे, धा फुटावरना कोणाक दिसता? पण कडी तुटली तर नाटक थांबता.’

त्याची पद्धत ऐका. पहिलं, मागची बाजू. पुढून सगळेच दागिने छान असतात. कड्या झाळलेल्या आहेत की नुसत्या वाकवून बंद केल्यात, खडे बसवलेत की गोंदाने चिकटवलेत, ते मागून कळतं. दुसरं, वजन. फार जड कुडी रात्रभर कानात राहत नाही. तिसरं, लोहचुंबक. पितळ आणि तांबं चिकटत नाही, लोखंड चिकटतं, आणि खाऱ्या हवेत लोखंडाला गंज ठरलेला. चौथं, कानात जाणाऱ्या काडीवर तो पारदर्शक नेलपॉलिश लावतो. ते थोडे दिवस टिकतं, मग परत लावायचं. ज्याला आधीच अ‍ॅलर्जी आहे त्याने मात्र यावर विसंबू नये.

मी विचारलं, मग तू लिलावात घेतोस की नाही? म्हणाला घेतो. पण लाइव्ह सुरू व्हायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो मागवतो आणि आकडा हातावर पेनने लिहितो. ‘हातार जागा संपली की बोली संपली.’

[१८:२०] तर मग घ्यायचं कसं

मी काही ‘लिलावात घेऊच नका’ म्हणणार नाही. बंद झालेल्या डिझाइनची नथ, आजीच्या काळातल्या काचमण्यांची माळ, सुटा राहिलेला एखादा पीस, या गोष्टी लिलावात स्वस्तात मिळतात आणि दुकानात मिळतच नाहीत. पण रोज दुकानात टांगलेली वस्तू लिलावात घेण्यात अर्थ नाही. माझा सेट दुसऱ्या प्रकारातला होता. तर ही सहा कलमं:

१. आधी दुकानातला भाव काढा. तशीच वस्तू तीन ठिकाणी केवढ्याला आहे ते बघा. ईबेवर ‘विकले गेलेले’ असा फिल्टर आहे, तो लावा. मागितलेली किंमत काहीही असू शकते, विकली गेलेली किंमत खरी.

२. आकडा सगळा खर्च धरून ठरवा. बोली, कुरिअर, आणि परदेशातून असेल तर कस्टम ड्युटी, कुरिअर कंपनीचं शुल्क, कार्डावरचा परकीय चलनाचा आकार. समजा ब्रोच १८ डॉलरचा आणि पाठवणी २० डॉलरची, तर तुम्ही ब्रोच नाही, विमानाचं तिकीट घेताय.

३. आकडा लिहा, लाइव्ह उघडायच्या आधी. साइटवर एकदाच टाका आणि शेवटच्या क्षणी टाका. कमेंटच्या लाइव्हमध्ये ती चाल चालत नाही, तिथे फक्त तुमचा आकडा ओलांडला की फोन पालथा ठेवा.

४. मागचा फोटो, कडीचा फोटो, पट्टीशेजारी ठेवलेला फोटो मागा. ‘व्हिंटेज’ म्हणत असतील तर शिक्का कुठे आहे विचारा. उदाहरणार्थ, ट्रिफारीच्या दागिन्यावर नावासोबत वर्तुळातलं ‘सी’ हे कॉपीराइटचं चिन्ह असेल तर तो साधारण १९५५ नंतरचा. त्या वर्षी न्यायालयाने खोट्या दागिन्यांच्या डिझाइनलाही कॉपीराइट मिळतो असं मान्य केलं. तोच पीस कोणी १९४० चा म्हणून विकत असेल तर गोष्ट जुळत नाही.

५. विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परतीचा नियम आधी विचारा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःची ही माहिती द्यायची असते. मी माल आल्यावर विचारलं. उत्तर आलं, ‘लिलावातला माल परत नाही दादा.’

६. पुरावा ठेवा. बोली चालू असताना स्क्रीन रेकॉर्डिंग, पेमेंटचा स्क्रीनशॉट, आणि पार्सल उघडताना सलग व्हिडिओ. माल खराब आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, पेज गायब, तर सायबर फसवणुकीसाठी १९३०, आणि तो फोन लगेच करायचा, चार दिवसांनी नाही. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

[२१:५०] शेवट

पोस्टमॉर्टेमच्या शेवटी आम्ही एक ओळ लिहितो, मूळ कारण काय. मी आधी लिहिलं होतं, ‘विकणाऱ्याने फुगवलं’. मग खोडलं. त्या रात्री माझ्याकडे आकडाच नव्हता. आकडा नसलेल्या माणसाला फुगवायला दोन खोटी नावंही लागत नाहीत, तो स्वतःच फुगतो.

ताईच्या लग्नाचा सेट ती आणि आई सावंतवाडीला जाऊन घेणार आहेत. हातात घेऊन, घालून बघून, कडी ओढून. कानात मात्र आजीच्या सोन्याच्या कुड्या. मला सोबत नेणार नाहीत, फक्त पिशव्या उचलायला चालेल म्हणाल्या.

आणि तो २,४७० चा सेट? दोस्ताने दोनशे रुपयांना घेतला. कडी झाळून घेतली. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्या बाजूला कुठल्या तरी देवळासमोर एक राणी तो घालून उभी राहील. धा फुटावरना छान दिसेल, यात शंका नाही.

तुमची लिलावातली फजिती किंवा कमाई, जे काय असेल ते व्हॉइस नोटमधून पाठवा. पुढच्या भागात निवडक ऐकवतो. आणि आज रात्री नऊला लाइव्ह बघणार असाल तर आधी पेन शोधा.

येवा, भेटूया पुढच्या भागात!